जो लुटला गेला, त्याचें काय?



फौजदारी खटल्याचें शीर्षक आपण कधीं वाचलें आहे काय? त्यांत एका बाजूस सरकार असतें आणि दुसऱ्या बाजूस आरोपी. ज्याचें घर फुटलें किंवा डोकें फुटलें, त्याचें नांव तेथें नसतें. ह्यास कारण आहे. गुन्हा हा एका माणसाविरुद्ध नसून सर्व समाजाविरुद्ध आहे, म्हणून त्याचा जाब समाजाच्या वतीनें सरकारनें विचारावा, हें तत्त्व चांगलेंच आहे. तें नसतें तर ज्याच्या मनगटांत जोर त्यालाच न्याय मिळाला असता. परंतु ह्या थोर तत्त्वाच्या आड ज्यानें प्रत्यक्ष सोसलें तो माणूस हरवला. समन्स येईल तेव्हां त्यानें यावें, विचारतील तेवढें सांगावें आणि घरीं जावें, एवढेंच त्याचें काम उरलें. आरोपीस वकील, आरोपीस जामीन, आरोपीस अपील. हें सर्व त्यास मिळालेंच पाहिजे, त्याबद्दल माझी तक्रार नाहीं. पण जो लुटला गेला, त्याचें काय?

मी कायद्याचा पंडित नव्हे. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंत, आणि आयुष्य गेलें तें मुलांस शुद्धलेखन व त्रैराशिक शिकविण्यांत. हा विषय मला पुस्तकांनीं शिकविला नाहीं. तो अक्कानें शिकविला.

अक्का म्हणजे माझी वडील बहीण. यजमान वारल्यापासून ती आमच्याकडेच असते. २०२४ सालीं दिवाळीच्या आधीं ती परगांवीं एका आप्तांकडे गेली होती. सकाळीं देवळांतून परत येत असतां मोटारसायकलवरून दोघे आले आणि तिच्या गळ्यांतील बोरमाळ हिसकावून पसार झाले. अक्का रस्त्यावर पडली व उजवें मनगट मोडलें. आप्तमंडळी घाबरून गेलीं. त्यांनीं हात बांधून घेऊन दुपारच्या गाडीनें तिला घरीं पोंचविलें. संध्याकाळीं मी तिला घेऊन पोलिस ठाण्यावर गेलों. तेथील अंमलदारानें वही न उघडतांच सांगितलें, "प्रकार तिकडचा आहे, फिर्याद तिकडे द्या." मी मान डोलावून परत आलों आणि अक्काला म्हणालों, "जाऊं दे, जिवावरचें सोन्यावर निभावलें."

अक्का कांहीं वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, "तुझ्या वर्गांत एखाद्या पोराची पाटी गेली तर तूं अख्खा वर्ग उभा करीत होतास. माझी माळ गेली, हात मोडला, आणि मला बसायला सांगतोस?"

ह्या प्रश्नास माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. दुसऱ्या दिवशीं माझा एक जुना विद्यार्थी, जो आतां वकिली करतो, त्याच्याकडे गेलों. त्यानें जें सांगितलें तें ऐकून, एवढ्या साध्या गोष्टी आपल्यासारख्या वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसास ठाऊक असूं नयेत, ह्याची मला लाज वाटली.

१ जुलै २०२४ पासून आपल्या देशांत भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या १७३ व्या कलमाप्रमाणें दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यांत देतां येते. गुन्हा कोणाच्या हद्दींत घडला हें पाहून ती नाकारतां येत नाहीं. ठाण्यानें ती शून्य क्रमांकानें नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवावयाची असते. नोंदीची प्रत फिर्यादीस किंवा पीडितास विनामूल्य द्यावयाची असते. खबर नोंदवून घेतलीच नाहीं, तर तिचा मजकूर पोलिस अधीक्षकाकडे लेखी टपालानें पाठवावा, आणि तेथेंही कोणी ऐकलें नाहीं तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करावा. शिवाय ह्याच संहितेप्रमाणें तपासासाठीं स्त्रियांना, पंधरा वर्षांखालील मुलांना, साठ वर्षांवरील पुरुषांना, अपंगांना आणि गंभीर आजारी माणसांना पोलिसांनीं राहत्या जागेपलीकडे बोलावूं नये असा नियम आहे. म्हणजे अक्काचा जबाब घरीं येऊनच घ्यावयाचा होता. मीं तिला मोडक्या हातानिशीं ठाण्याच्या बांकावर तासभर बसविलें होतें.

आम्ही पुन्हां गेलों. ह्या वेळीं माझ्या हातांत कलमाचा क्रमांक होता, आणि खरें सांगावयाचें तर अंमलदारही दुसरे होते. फिर्याद नोंदली गेली, प्रत मिळाली. पुढें नव्वद दिवसांच्या आंत तपास कोठवर आला हें पीडितास कळविणें पोलिसांवर बंधनकारक आहे. तसें पत्रही आलें. तें पत्र अक्कानें तीनदां वाचलें. माळेविषयीं त्यांत कांहीं विशेष नव्हतें, तरी तें तिच्या नांवानें आलें होतें.

हा बदल एका दिवसांत झालेला नाहीं. गुन्ह्यानें जायबंदी झालेल्यास सरकारी तिजोरींतून भरपाई देण्याचा कायदा न्यूझीलंडनें १९६३ सालीं केला, व पुढच्याच वर्षीं ब्रिटननें तशी योजना सुरू केली. १९८५ सालीं संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेनें पीडितांच्या न्यायाविषयीं जाहीरनामा मंजूर केला. आपल्याकडे खरें वळण आलें तें २००९ सालच्या अखेरीस. त्या वेळीं फौजदारी कायद्यांत पीडिताची व्याख्या प्रथम घालण्यांत आली, त्यास सरकारी वकिलाच्या साह्यास स्वतःचा वकील देण्याची मुभा मिळाली, आणि आरोपी निर्दोष सुटल्यास स्वतः अपील करण्याचा हक्क मिळाला. २०२२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें आरोपीच्या जामिनाच्या वेळींही पीडिताचें म्हणणें ऐकावें असा निर्वाळा दिला. नव्या संहितेनें आणखी एक पाऊल टाकलें आहे: सरकारला खटला काढून घ्यावयाचा असेल तर न्यायालयानें आधीं पीडितास बोलण्याची संधी दिली पाहिजे.

भरपाईविषयीं थोडें अधिक सांगतों, कारण ह्याविषयीं फार गैरसमज आहेत. चोर सांपडला नाहीं, खटला उभाच राहिला नाहीं, तरी पीडित किंवा त्याचे आश्रित जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडे भरपाईसाठीं अर्ज करूं शकतात, आणि त्याची चौकशी दोन महिन्यांत पुरी व्हावी असें कायदा म्हणतो. ह्याच प्राधिकरणाकडून स्त्रियांना, मुलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना व गरिबांना विनाशुल्क वकील मिळतो. त्यासाठीं १५१०० ह्या क्रमांकावर विचारणा करतां येते. आम्लाचा हल्ला झालेल्यांस किमान तीन लाख रुपये मिळावेत असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ सालचा आदेश आहे, आणि अशा रुग्णांवर तसेंच बलात्कारपीडितांवर सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक रुग्णालयानें तत्काळ मोफत उपचार केले पाहिजेत. महाराष्ट्रांत अशाच पीडित स्त्रियांसाठीं व बालकांसाठीं २०१३ सालापासून ‘मनोधैर्य’ योजना आहे. अक्कानें मात्र अर्ज केला नाहीं. "माझें भागतें आहे," म्हणाली. मला तें पटलें नाहीं. भरपाई ही भीक नव्हे. पण अक्कापुढें माझें फारसें चालत नाहीं.

आतां जें सांगणार आहें तें मीं अक्कालाही पुष्कळ दिवस सांगितलें नव्हतें. मी नोकरींत असतांना माझ्या वर्गांतील एक हुशार मुलगी एकाएकीं शाळेंत येईनाशी झाली. पुढें कुजबूज कानांवर आली. घरच्याच कोणा माणसाकडून तिला त्रास झाला होता. वडील भेटले तेव्हां "मामाकडे पाठविली" म्हणाले, आणि मीं "बरें केलेंत" म्हटलें. तिच्या नांवापुढें हजेरीपटांत मीं तांबड्या शाईनें रेघ मारली. ती रेघ मला अजून दिसते.

बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा त्या वेळीं नव्हता. तो २०१२ सालीं आला. आज असा प्रकार ठाऊक असून जो तो कळवीत नाहीं, मग तो शिक्षक असो, डॉक्टर असो वा शेजारी, तो स्वतः शिक्षेस पात्र होतो. मुलीची बदनामी होईल हें भय आपल्या सुशिक्षित घरांत सर्वांत मोठें. पण तिचें नांव छापणें हाच गुन्हा आहे. जबाब मुलाच्या घरीं किंवा त्याच्या पसंतीच्या जागीं घ्यावा, घेणाऱ्या अधिकाऱ्यानें गणवेश घालूं नये, साक्षीच्या वेळीं मुलास आरोपीचें तोंड पाहावें लागूं नये, अशी योजना त्यांत आहे. २०२० च्या नियमांप्रमाणें खटला संपेपर्यंत सोबत राहणारी एक साह्यकर्ती व्यक्तीही मुलास देतां येते. मुलांसाठीं १०९८, स्त्रियांसाठीं १८१ आणि तातडीच्या पोलिस मदतीसाठीं ११२ हे क्रमांक घरांतील भिंतीवर लिहून ठेवावे. संगणकावरून वा फोनवरून कोणी पैसे लुबाडले तर १९३० वर त्याच घटकेस कळवावें. तेथें जितका उशीर तितका पैसा लांब जातो.

बोरमाळेचें काय झालें, असें आपण मनांत म्हणत असाल. पांच महिन्यांनीं ती दोघें पोरें दुसऱ्याच चोरींत पकडलीं गेलीं. माळ तुटलेली होती, निम्मे मणी सोनारानें वितळविले होते. उरलेले पंचनामा व छायाचित्रें करून न्यायालयानें जामीनपत्रावर अक्काच्या हवालीं केले. ते तिनें परत ओवून घेतलेले नाहींत. एका डबींत ठेवले आहेत. साक्षीचें समन्स पुढच्या महिन्याचें आहे. परवां तिनें त्या दिवसाकरितां लुगडें काढून ठेवलें, आणि सरकारी वकिलांस आधीं भेटतां येईल काय, तें विचारून ये, म्हणून मला सांगितलें आहे. उद्यां सकाळीं जाणार आहें.