आधी पाणी पाहा



दिवाळी उलटली, पुण्या-नाशिककडे रात्री गारठू लागल्या, की मासे पाळणाऱ्या घरांतून एकच तक्रार कानावर येते. ‘माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आलेत, काय घालू?’ प्रश्न हमखास ‘काय घालू’ असाच असतो. ‘काय झालंय’ असं विचारणारा क्वचित भेटतो. बाजारही याला साजेसाच. निळी बाटली, हिरवी बाटली, पिवळी बाटली, सगळं काउंटरवर मांडलेलं. पाच थेंब घाला, दहा थेंब घाला. किती लिटर पाण्याला, ते दुकानदार सांगत नाही आणि गिऱ्हाईकही विचारत नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं, की घरातल्या माशांचे निम्म्याहून अधिक आजार बाटलीशिवाय बरे होण्यासारखे असतात, कारण ते माशाला नव्हे, पाण्याला झालेले असतात.

पण त्याआधी मासा आजारी आहे हे ओळखायचं कसं? रोज खायला घालताना दोन मिनिटं नुसतं पाहत उभं राहा. दाणे पडताच कोण धावून येतं, कोण कोपऱ्यातच थांबतं, कोण दाणा तोंडात घेऊन परत टाकतं, ते बघा. धडधाकट मासा पर उघडे ठेवून पोहतो. बिघडलेला मासा ते अंगाशी मिटून घेतो. कल्ल्यांची उघडझाप नेहमीपेक्षा जलद दिसते. काही मासे मध्येच झटका देऊन तळाच्या खड्यांवर, नाहीतर फिल्टरच्या नळीवर अंग घासतात. एखाद्या वेळी घासलं तर काही बिघडत नाही. पण दिवसभर तेच चाललं असेल, तर कातडीला नाहीतर कल्ल्यांना काहीतरी बोचतंय हे नक्की. मासे वर येऊन तोंड उघडत असतील तर प्राणवायू कमी पडतोय किंवा कल्ले दुखावलेत. याला अपवाद फायटर आणि गुरामी यांचा. त्यांना बाहेरची हवा घ्यायचं वेगळं इंद्रिय असतं, ते वर येणारच. निरोगी फायटर वर येतोय म्हणून त्याला औषध पाजणारी मंडळी मी पाहिली आहेत.

आता पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा: एकच मासा आजारी आहे की सगळे? एखादाच मलूल असेल तर रोगाचा संशय घ्यावा. सगळे एकाच दिवशी मलूल झाले तर बोट पाण्याकडे दाखवावं.

मासा कल्ल्यांवाटे अमोनिया टाकत असतो. उरलेले दाणे आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच होतो. हा अमोनिया दिसत नाही, पाणी आरशागत स्वच्छ असतानाही तो त्यात असू शकतो, आणि तो कल्ले जाळतो. त्याला आवरतात ते जीवाणू. काही जीवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते बऱ्याच अंशी निरुपद्रवी असतं. हे जीवाणू राहतात फिल्टरच्या स्पंजवर आणि तळाच्या खड्यांवर. नव्या टँकमध्ये त्यांची वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. आणि आपण काय करतो? रविवारी सकाळी टँक आणतो आणि संध्याकाळी त्यात बारा मासे सोडतो.

‘कालच टँक धुतला हो, लख्ख केला, आणि आज मासे मेले!’ हे वाक्य मासे विकणाऱ्या कुणालाही विचारा, तो आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. टँक धुतला म्हणजे सगळं पाणी उपसलं, खडे चोळून काढले, स्पंज नळाखाली धरून पिळला. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने जीवाणू मारले आणि माशांना नवं, थंड, क्लोरीनचं पाणी मिळालं. दर आठवड्याला पाव पाणी बदलावं, पुरे. काढलेल्या त्याच पाण्याच्या बादलीत स्पंज दोनदा पिळून परत बसवावा. नवं पाणी रात्रभर बादलीत उघडं ठेवलेलं असावं किंवा त्यात अँटिक्लोरीन घातलेलं असावं, आणि हाताला टँकच्या पाण्याइतकंच कोमट लागावं. अमोनिया मोजायची थेंबांची किट दुकानात मिळते. तीन बाटल्या औषधांच्या पैशात ती येते आणि जास्त दिवस चालते. किटमध्ये अमोनिया किंवा नायट्राइट शून्याच्या वर दिसला, तर एक-दोन दिवस खाणं बंद ठेवून थोडं-थोडं पाणी बदलत राहावं. मोठा, धडधाकट मासा दोन दिवस उपाशी राहिला म्हणून मरत नाही. आपण जास्त घालतो म्हणून मात्र मरतो. आणि तो गोल काचेचा बाउल! त्यात ठेवलेला गोल्डफिश हा माझ्या मते जन्मापासूनच रुग्ण. हा मासा वीतभराहून मोठा होणारा आणि घाणही भरपूर करणारा, त्याला तांब्याभर पाण्यात ठेवून ‘टिकत नाही’ म्हणायचं.

आणखी एक गोष्ट घरात कुणाच्या लक्षात येत नाही. एअर पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो. खोलीत डासांचं मशीन चालू असेल, पेस्ट कंट्रोलवाला येऊन गेला असेल, तर तेही पाण्यात जातं. पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं माणसाला फारशी बाधत नाहीत, माशाला अगदी थोडी पुरतात. फवारणीच्या दिवशी टँक झाका, पंप बंद करा, खोली पुरती हवेशीर होईपर्यंत चालू करू नका.

आता त्या पांढऱ्या ठिपक्यांकडे वळू. अंगावर, परांवर रव्याचे कण चिकटावेत असे ठिपके दिसतात. हा एकपेशीय परजीवी आहे. थंडीत पाणी रात्रीतून चार-पाच अंशांनी उतरतं, माशाची प्रतिकारशक्ती मंदावते आणि या परजीवीचं फावतं. त्याची चाल समजली तर उपचार सोपा आहे. ठिपका म्हणजे माशाच्या कातडीखाली शिरून बसलेला, खाऊनपिऊन फुगलेला परजीवी. तो तिथे असेपर्यंत त्याच्यावर औषधाचा परिणाम होत नाही, वर कातडीचं पांघरूण असतं. पोट भरलं की तो माशाला सोडतो, तळाशी पडतो, स्वतःभोवती कोश करतो आणि आत त्याची शेकडो पिल्लं होतात. ती बाहेर पडून पोहत नवा मासा शोधतात. ती सापडतात तेव्हाच औषध त्यांना मारू शकतं. एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती आपोआप मरतात.

म्हणून अंगावरचे ठिपके गेले की लोक औषध थांबवतात, ते नेमकं चुकीच्या दिवशी. त्या दिवशी परजीवी मेलेला नसतो, तळाशी पिल्लं घालत असतो. चार-पाच दिवसांनी ठिपके दुप्पट होऊन परत येतात आणि दोष औषधाला जातो. हे सारं चक्र पाण्याच्या उबेवर चालतं. २५ अंशांच्या आसपास ते आठवडाभरात पुरं होतं, १५ अंशांना दोन-तीन आठवडेही घेतं. त्यामुळे हिटर लावून पाणी हळूहळू, दिवसाला एक-दोन अंश करत २८ ते ३० अंशांपर्यंत न्यावं. परजीवी लवकर उघड्यावर येतो. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, म्हणून एअर पंप जोरात ठेवावा. गोल्डफिशला २८च्या वर नेऊ नये.

सोबत मीठ. त्यासाठी टँकमधलं पाणी मोजावं लागतं. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टँकमध्ये काठोकाठ ५६-५७ लिटर मावतं. खडे आणि वरची मोकळी जागा वजा जाता ४५ लिटर धरा. लिटरला दोन ग्रॅमप्रमाणे ९० ग्रॅम मीठ झालं. ते वेगळ्या भांड्यात विरघळवून, दीड-दोन दिवसांत तीन हप्त्यांत घालावं. पाणी उडून जातं तसं मीठ उडत नाही. त्यामुळे पाणी बदलताना जेवढं काढलं तेवढ्यापुरतंच मीठ परत घालायचं. झाडं आणि बिनखवल्यांचे मासे मीठ सोसत नाहीत, त्यांच्या टँकला हा उपाय नको. शेवटचा ठिपका गेल्यावरही किमान दहा दिवस हे चालू ठेवायचं. मेलाकाइट ग्रीनचं हिरवं औषध वापरायचंच असेल तर हातमोजे घालून, आणि लेबलवरचा हिशेब लिटरने करून.

बाकीचे आजार पटकन सांगतो. परांच्या कडा कुरतडल्यागत, झिरझिरीत झाल्या, तर ते बहुतेक घाणेरड्या पाण्याचं काम. सुरुवातीला नुसतं पाणी सुधारलं तरी पर परत येतात. जखमेवर पांढरट तंतूंचा पुंजका दिसला तर बुरशी. पण तसाच पांढरा थर तोंडाभोवती येऊन झपाट्याने पसरत असेल तर तो बहुधा जीवाणूंचा रोग, आणि इथे हिटर वाढवलात तर मासा दिवसभरात जाईल. मघाचा उपाय इथे अपाय. पोट फुगून खवले उभे राहिले, वरून बघता ते सुटे दिसू लागले, तर तो जलोदर. मूत्रपिंडं निकामी होत आल्याची ती खूण आहे आणि अशातून वाचणारे मासे थोडे. गुबगुबीत गोल्डफिश खाल्ल्यावर उलटा तरंगत असेल, तर दोन-तीन दिवस उपास, मग उकडून साल काढलेल्या मटाराचा एखादा कण. पुष्कळदा तेवढ्याने भागतं.

अँटिबायोटिकची कॅप्सूल फोडून टँकमध्ये ओतणाऱ्यांबद्दल मात्र मला राग आहे. ती फिल्टरमधले कामाचे जीवाणू मारते, आजाराचे जीवाणू निर्ढावतात, आणि ते पाणी शेवटी गटारात जातं. निळ्या मेथिलीन ब्लूचंही तसंच, फिल्टरच्या टँकमध्ये तो घालूच नये. औषध द्यायचं तर आजारी मासा वेगळ्या टबात घ्यावा आणि तिथे द्यावं. ठिपक्यांचा रोग तेवढा सगळ्या टँकला होतो, म्हणून तो टँकमध्येच आवरावा लागतो.

हाच टब नव्या माशांच्याही कामाचा. कुर्ल्याच्या बाजारातला मासा चेन्नईहून किंवा कोलकात्याहून पिशवीत बसून आलेला असतो. त्याला दोन ते चार आठवडे टबात वेगळं ठेवा. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका. हाताला जखम असेल तर टँकमध्ये हात घालू नका, माशांच्या क्षयाचा एक जीवाणू माणसाच्या कातडीतही शिरतो.

आणि स्वतःला उमगेनासं झालं तर जाणकाराकडे जा. मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे, रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. माशांची माहिती असलेले पशुवैद्यही मोठ्या शहरांत भेटतात. मासा जिवंत न्या. मेल्यावर काही वेळातच परजीवी अंग सोडून जातात आणि तपासणाऱ्याच्या हाती फारसं लागत नाही. टँकचं पाणी वेगळ्या स्वच्छ बाटलीत भरून घ्या, मासा नेता त्या पिशवीतलं चालणार नाही, कारण वाटेत मासा ते बिघडवतो.