बालकांची हगवण

पावसाळा लागला कीं अनेक घरांतून बालकांस हगवण लागते. दूषित पाणी, उघडें अन्न व न धुतलेले हात यांच्या द्वारें रोगजंतु पोटांत शिरतात. परंतु बालक बहुधा दगावतें, तें अंगांतील पाणी व क्षार निघून गेल्यामुळें. हगवणींत पाणी तोडावें, ही समजूत म्हणूनच घातक होय.

सन १९७१ मध्यें पश्चिम बंगालमधील बनगांव येथें, पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांत पटकी पसरली. शिरेंतून द्यावयाचें सलाइन संपत आलें, तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ, सोडा व ग्लुकोज पाण्यांत मिसळून तें रोग्यांस पाजविलें. शेंकडा ३० च्या आसपास असलेलें मृत्युमान ४ च्याही खालीं आलें. ग्लुकोजच्या संगतीनें क्षार व पाणी आंतडीं शोषून घेतात, हें त्यांतील मर्म.

आज ओ.आर.एस.ची पुडी सर्वत्र मिळते. ती नसल्यास उकळून निवविलेल्या १ लिटर पाण्यांत चहाचे सपाट ६ चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवावें आणि घोटघोट पाजावें. अंगावरचें दूध चालूच ठेवावें. डॉक्टरांच्या सल्ल्यानें जस्ताचें औषध द्यावें. जंतुनाशक औषध मात्र आपल्या मनानें देऊं नये. शौचांत रक्त दिसलें, डोळे खोल गेले, लघवी थांबली वा मूल ग्लानींत गेलें, तर क्षणाचाही विलंब न लावतां रुग्णालय गांठावें.

पहिले सहा महिने केवळ आईचें दूध, पुढें उकळलेलें पाणी, झांकलेलें अन्न आणि साबणानें धुतलेले हात, एवढें पाळलें तर ही वेळ बहुधा येणारच नाहीं.