'इन्फमी' : एका इंग्रजी शब्दाची कुळकथा

शाळेंत 'फेमस' म्हणजे प्रसिद्ध हें पाठ केलेल्या विद्यार्थ्यापुढें 'इन्फमस' हा शब्द प्रथम आला, कीं तो त्याचा अर्थ 'अप्रसिद्ध' असा लावून मोकळा होतो. उच्चारहि बहुधा 'इन्-फेमस' असाच करितो. वस्तुतः आघात पहिल्या अक्षरावर असून मधलें 'फेम' झिजून 'फम' झालेलें असतें. उच्चाराची चूक क्षम्य आहे. अर्थाची मात्र घोडचूक आहे. ज्याचें नांव कोणाच्या कानींहि गेलेलें नाहीं, असा मनुष्य 'इन्फमस' कधींच असूं शकत नाहीं. दुर्लौकिक व्हावयालाहि आधीं लोकांच्या तोंडीं नांव यावें लागतें. या शब्दांतील 'इन्' हा संस्कृत 'अकीर्ति' किंवा 'अयश' यांतील 'अ'काराच्या जातीचा आहे. तो नुसता अभाव दाखवीत नाहीं, कलंक दाखवितो.

'इन्फमी' हें नाम इंग्रजींत आलें तें पंधराव्या शतकांत, फ्रेंचमधून. आणि फ्रेंचमध्यें लॅटिनमधून. लॅटिन 'फामा' या शब्दाच्या मुळाशीं 'बोलणें' या अर्थाचा धातु आहे. तेव्हां 'फेम' ही मूळची कीर्ति नव्हे आणि अपकीर्तीहि नव्हे. तें केवळ लोकांचें बोलणें. ग्रीकमधील 'फेमि' हें क्रियापद याच कुळांतलें, आणि संस्कृत 'भण्' धातूचें नातेंहि भाषाशास्त्रज्ञ याच कुळाशीं जोडतात. मराठी 'म्हणणें' हें या 'भण्'चेंच रूपांतर. हें नातें नुसतें व्याकरणापुरतें नाहीं. 'अमक्याची पेढी म्हणे बुडाली', 'तमक्याचें लग्न म्हणे मोडलें' या वाक्यांतील इवलासा 'म्हणे' काय करितो तें पाहावें. सांगणाऱ्याच्या अंगाला कांहीं लागत नाहीं. ज्याच्याविषयीं सांगितलें त्याच्या अंगाला लागलेलें मात्र निघत नाहीं. 'फामा'चें याहून नेमकें भाषांतर सांपडणें कठीण. व्हर्जिल कवीनें 'ईनिड' या महाकाव्याच्या चौथ्या सर्गांत हिलाच राक्षसीचें रूप दिलें आहे. तिच्या अंगावर जितकीं पिसें तितकेच डोळे, तितक्याच जिभा, तितकीं तोंडें आणि तितकेच कान. ती निघते तेव्हां लहान असते व चालतां चालतां वाढत जाते. खरें आणि खोटें सारख्याच हौसेनें सांगते. कार्थेजची राणी डायडो हिचें नांव गांवोगांव झालें तें हिच्याच कृपेनें.

परंतु रोमन लोक पडले कायदेबाज. वाऱ्यावरच्या बोलण्यालाहि त्यांनीं दप्तरांत आणून बसविलें. त्यांच्या येथें 'इन्फामिया' ही भावना नसून कायद्यानें ठरलेली स्थिति होती. जस्टिनिअन बादशहानें इ. स. ५३३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या 'डायजेस्ट' ग्रंथाच्या तिसऱ्या भागांत या विषयाला एक स्वतंत्र प्रकरणच दिलेलें आहे. सैन्यांतून बेअब्रूनें काढलेला शिपाई, कुंटणखाना चालविणारा, चोरीच्या किंवा फसवणुकीच्या दाव्यांत दोषी ठरलेला हे तर त्यांत आहेतच. पण भागीदाराला बुडविणारा भागीदार आणि पोरक्या मुलाची मालमत्ता गिळणारा पालकहि त्यांच्याच पंक्तीला आहेत. विश्वासघाताला चोरीच्या शेजारीं बसविणारा हा कायदा मोठा मार्मिक म्हटला पाहिजे. मात्र त्याच यादींत रंगभूमीवर उभा राहणारा नटहि सांपडतो, आणि तेथें त्याचा मार्मिकपणा संपतो. अशा मनुष्याला दुसऱ्याच्या वतीनें न्यायालयांत उभें राहण्याचा अधिकार उरत नसे.

नटाच्या या कलंकाची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. डेसिमस लाबेरिअस हा अश्वारोही सरदारांच्या वर्गांतला प्रतिष्ठित गृहस्थ. तो प्रहसनें लिही. लिहिण्यानें प्रतिष्ठेस बाध येत नव्हता. इ. स. पूर्व ४६ च्या सुमारास ज्यूलियस सीझरनें त्याला स्वतःच्या प्रहसनांत स्वतःच काम करावयास लाविलें. लाबेरिअसचें वय त्या वेळीं साठ. सर्वसत्ताधीशाची इच्छा मोडण्याची सोय नव्हती. म्हातारा रंगभूमीवर आला, आणि त्या पावलासरशीं त्याची सरदारकी गेली. खेळ संपल्यावर सीझरनें त्याला ५,००,००० सेस्टर्स आणि सरदारकीची सोन्याची अंगठी बहाल केली. कायद्याच्या दृष्टीनें कलंक धुऊन निघाला. मग तो प्रेक्षागृहांत सरदारांसाठीं राखलेल्या चौदा रांगांकडे बसावयास गेला. तेथें सारे असे पसरून बसले कीं त्याला जागाच मिळेना. सिसेरो म्हणाला, आपणच दाटीनें बसलों नसतों तर जागा करून दिली असती. लाबेरिअसनें उलट टोला दिला कीं, दोन आसनांवर बसण्याची ज्याची नेहमींची संवय, त्याला दाटी व्हावी हें नवल! सीझर आणि पाँपी या दोघांशींहि संधान राखणाऱ्या सिसेरोला तो चांगलाच झोंबला असेल. जागा मात्र मिळाली नाहीं ती नाहींच.

पुढील काळच्या धर्मशास्त्र्यांनीं कायद्याची 'इन्फामिया' निराळी आणि लोकमताची निराळी, असा भेद केला. लाबेरिअसला अंगठीनें पहिलीपासून सोडविलें. दुसरीवर सीझरचाहि हुकूम चालला नाहीं.

इंग्लंडनें शब्दाबरोबर हें कायद्याचें ओझेंहि उचललें. राजद्रोह, खोटी शपथ, बनावट दस्तऐवज अशा 'इन्फमस' गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या मनुष्याची साक्षच तेथील न्यायालय घेत नसे. वरवर हें रास्त दिसतें. पण खून पाहणारा एकुलता एक साक्षीदार असा कलंकित निघाला, तर सुटका कोणाची व्हावयाची? खुन्याची! जेरेमी बेंथॅमनें या नियमावर कडक टीका केली, आणि १८४३ साली लॉर्ड डेन्मन यांच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या कायद्यानें तो रद्द झाला. अमेरिकेच्या राज्यघटनेंत १७९१ सालच्या पांचव्या दुरुस्तींत 'इन्फमस' गुन्ह्याचा उल्लेख आजहि आहे.

याच 'फामा'ची दुसरी लेक 'डिफमेशन'. ती १८६० च्या दंडविधानानें हिंदुस्थानांत आली आणि मराठींत 'अब्रुनुकसानी' झाली. ही अब्रू फारसी; 'आब' म्हणजे पाणी व 'रू' म्हणजे चेहरा. रोमन माणसाची प्रतिष्ठा दुसऱ्यांच्या जिभेवर, तर इराणी माणसाची स्वतःच्या मुद्रेवरच्या तेजांत! १ जुलै २०२४ पासून ते दंडविधान जाऊन भारतीय न्याय संहिता आली. अब्रुनुकसानीचें कलम ४९९ चें ३५६ झालें, अपराध कायम राहिला.

व्यवहारांत 'इन्फमस' हा शब्द अलीकडे पुष्कळच स्वस्त झाला आहे. फसलेल्या नाटकालाहि तो लावितात, आणि गांवांतल्या खड्डेमय रस्त्यालाहि. तथापि त्याची जुनी धार एका प्रसंगीं साऱ्या जगानें पाहिली. ७ डिसेंबर १९४१ रोजीं जपानी विमानांनीं पर्ल हार्बरवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशीं करावयाच्या भाषणाचा मसुदा अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं सांगून टंकलिखित करविला. त्यांत हा दिवस जगाच्या इतिहासांत राहील, अशा अर्थाचे शब्द होते. ते कोणत्याहि दिवसाला शोभले असते. रूझवेल्टनीं 'जगाचा इतिहास' खोडून वर हातानें एकच शब्द लिहिला, 'इन्फमी'. भाषण अवघ्या सहा-सात मिनिटांचें झालें, आणि तें संपल्यावर तासाभराच्या आंत अमेरिकन काँग्रेसनें युद्ध पुकारलें.