हातानें जुळविलेली मोटार

पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या सडकेवर, शिरूर तालुक्यांत, रांजणगांव लागतें. महागणपतीमुळें महाराष्ट्रभर ठाऊक असलेल्या या गांवाशेजारीं आतां मोटारींचा कारखाना उभा आहे. २०१७ सालीं जीप कंपास ही गाडी तेथें बनूं लागली. पोलादाचा पत्रा अवजड दाबयंत्राखालीं घालून त्यास आकार द्यावयाचा, ही अशा कारखान्यांची रीत. त्या सांच्यांस लागणारा पैसा हजारों गाड्या खपल्या तरच वसूल होतो. मग शिरूरच्या पेठेंतील किंवा दौंडच्या जंक्शनाजवळील एखाद्या कसबी लोहारानें स्वतःची मोटार घडवावयाची म्हटली, तर त्यास मार्ग कोणता?

मार्ग आहे, आणि तो कांचेचा आहे. कांच वितळवून तिचे केसाहून बारीक तंतु ओढतात. त्यांची चटई सांच्यावर अंथरून वर पॉलिएस्टर जातीची राळ कुंचल्यानें चोपडतात. राळेंत घट्ट करणारें द्रव्य थोडें मिसळलेलें असतें. त्यामुळें ती भट्टीवांचून आपोआप कठीण होते. सांच्यास आधीं मेण चोळलेलें असल्यानें थर वाळल्यावर कवच अलगद सुटून येतें. असलें अंग गंजत नाहीं आणि वजनानें हलकें असतें. जोराचा धक्का बसला तर मात्र त्यास पोचा न येतां तडा जातो. आणि घांसतांना उडणारी धूळ फुप्फुसांस वाईट, हें कारागिरानें विसरूं नये. अमेरिकेंत शेव्हरले कंपनीनें १९५३ सालीं कॉर्व्हेट गाडीस असेंच अंग दिलें.

इंग्लंडांत त्याच सुमारास हौशी लोक जुन्या ऑस्टिन सेव्हन गाडीचा सांगाडा व यंत्र घेऊन त्यावर कांचतंतूचें कवच बसवीत. १९५७ सालीं कॉलिन चॅपमन यानें लोटस सेव्हन ही गाडी काढली. तयार मोटारीवर खरेदीकर असे, सुट्या भागांवर नसे. म्हणून गिऱ्हाईक भाग घरीं नेऊन स्वतःच जोडी. जोडणीच्या सूचना देण्यास मनाई होती, तेव्हां गाडी सुटी कशी करावी याच्या सूचना देत व त्या उलट वाचावयास सांगत, असें म्हणतात. कर चुकविण्याची ही युक्ति वाण्याच्या हिशेबासारखी असली, तरी तिनें कित्येकांच्या हातांना वळण लावलें यांत शंका नाहीं.

ही परंपरा आपल्या किनाऱ्यासहि लागली. अलिबागजवळ चिंकारा मोटर्सनें लोटस सेव्हनच्या धर्तीची, कांचतंतूच्या अंगाची गाडी बनविली. यंत्र इसुझूचें, १८०० घनसेंटिमीटरचें. म्हणजे ॲम्बॅसडरमध्यें बसविलें जाई तेंच.

परंतु खरी कसोटी सांगली जिल्ह्यांतील देवराष्ट्रें गांवीं लागली. यशवंतराव चव्हाणांचें हें जन्मग्राम. तेथील दत्तात्रय लोहार यांनीं मुलाच्या हौसेखातर भंगारांतील लोखंड व भाग जमवून सुमारें साठ हजार रुपयांत छोटी जीप उभी केली. ती दुचाकीसारखी लाथ मारून सुरू होई. डिसेंबर २०२१ मध्यें उद्योगपति आनंद महिंद्र यांनीं तिचें कौतुक केलें, पण कायद्यामुळें ती आज ना उद्यां अडविली जाईल हेंहि सांगितलें, आणि तिच्या मोबदल्यांत बोलेरो देऊं केली. जानेवारी २०२२ मध्यें ती लोहार कुटुंबास मिळाली.

कायदा खरोखरच कडक आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमावर सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें निर्णय दिला कीं, निर्मात्याच्या मूळ नमुन्याहून भिन्न ठरेल असा फेरफार करतां येणार नाहीं. नव्या गाडीचा नमुना तर अधिकृत संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. हा कडकपणा निष्कारण म्हणतां येत नाहीं. आठवडे बाजाराच्या गर्दींत ज्याचा ब्रेक सांधणीपाशीं निखळेल, त्याची हौस दुसऱ्याच्या लेकरावर बेतेल.

तरीहि ब्रिटनमध्यें एकुलत्या एका गाडीचीहि तपासणी करून तिला रस्त्यावर येऊं देतात. आपल्याकडे पुण्यास एआरएआय आणि नगरास व्हीआरडीई, अशा वाहनें तपासणाऱ्या दोन मोठ्या संस्था आहेत. शिरूर त्यांच्या मधोमध वसलेलें. ब्रेक, सुकाणूं, दिवे व सांगाड्याचे सांधे एवढेंच पारखून, परवडेल अशा शुल्कांत, लोहाराच्या एकट्या गाडीसहि तेथें उभें करून घ्यावें. तोंवर ती त्यानें शेताच्या बांधाआंतच चालवावी.