सुरतेची झुबेदा आणि तिची आई

हे भाषण कधी संपतंय याची वाट बघणाऱ्या मुलांनो,

तुमच्यापैकी काहींचे आईवडील सचिन गावच्या औद्योगिक वसाहतीत, म्हणजे जीआयडीसीत, कामाला जात असतील. त्या सचिनच्या नवाबांचं मूळ घराणं आपल्या जंजिऱ्याचं. १७९१ मध्ये एका सिद्दी वारसाने जंजिऱ्यावरचा हक्क सोडला आणि त्या बदल्यात सुरतेजवळचा हा मुलूख घेतला. तेव्हा तिकडून येऊन इथे सुरतेत बस्तान बसवणारे आपण काही पहिले नाही!

याच घराण्यातल्या नवाब इब्राहिम याकूत खान यांची मुलगी म्हणून जिची ओळख सांगतात, ती झुबेदा १९११ साली सुरतेत जन्मली. आई फात्मा बेगम, उर्दू रंगभूमीवरची नटी. नवाबाने तिच्याशी लग्न केल्याची किंवा मुलींना आपलं म्हटल्याची नोंद कुठे सापडत नाही. फात्मा रडत बसली नाही. १९२२ मध्ये 'वीर अभिमन्यू'मधून ती पडद्यावर आली. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीची भूमिका साळुंके नावाच्या पुरुषाने केली होती, त्याला तेव्हा जेमतेम नऊ वर्षं झाली होती. घरंदाज म्हणवणारे लोक सिनेमातल्या बाईकडे कसं बघत, हे तुमच्या आजीला विचारा. फात्माने तर झुबेदा, सुलताना, शहजादी या तिन्ही मुलींनाही सिनेमात आणलं. झुबेदा तेव्हा साधारण बारा वर्षांची होती, म्हणजे समोर बसलेल्या सातवीतल्या मुलींएवढी.

मूकपटाच्या काळात नुसता चेहरा बोलका असला की भागायचं. मग बोलपट आला आणि भल्याभल्यांची पंचाईत झाली. पुण्यात जन्मलेली रूबी मायर्स, म्हणजे पडद्यावरची सुलोचना, त्या वेळची सर्वांत मोठी तारका. हिंदुस्तानी नीट बोलता येईना म्हणून तिला थांबून भाषा शिकावी लागली. दिग्दर्शक अर्देशीर इराणींनी पहिल्या भारतीय बोलपटाची, 'आलम आरा'ची नायिका म्हणून झुबेदाला घेतलं. आईची बोली तिच्या कामी आली असणार, असं मला वाटतं.

नायक मात्र आपला मास्टर विठ्ठल, कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत घडलेला. त्यानंतरची कंपनी सोडून आला म्हणून त्या कंपनीने त्याला कोर्टात खेचलं. त्याची बाजू मांडली बॅरिस्टर जिनांनी, आणि खटला जिंकला! पण विठ्ठलच्या हिंदुस्तानीला मराठी वळण फार. शेवटी त्याच्या पात्राला बराच वेळ गुंगीत ठेवून वेळ निभावली. आपल्या उच्चारांवर कोणी हसलं तर ही गोष्ट त्यांना जरूर सांगा.

स्टुडिओजवळून रेल्वेचे रूळ जात. दिवसा गाड्यांचा खडखडाट संवादात शिरायचा, म्हणून चित्रीकरण रात्री, गाड्या थांबल्यावर. ध्वनी नंतर भरायची सोय नव्हती, मायक्रोफोन नटांच्या आसपास लपवलेले. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये चित्रपट लागला आणि गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले. सात गाणी होती त्यात. आज एकही प्रत शिल्लक नाही. थोडी छायाचित्रं आहेत, एवढंच.

पुढे झुबेदाने 'मीराबाई' केला, १९३४ मध्ये नानुभाई वकिलांबरोबर महालक्ष्मी मूव्हीटोन काढली, हैदराबादच्या धनराजगीर राजांशी लग्न केलं. १९८८ मध्ये मुंबईत तिचं निधन झालं.

तिचं नाव सामान्यज्ञानाच्या पुस्तकात सापडतं. मला मात्र तिची आई जास्त मोठी वाटते. १९२६ मध्ये फात्माने स्वतःची कंपनी काढली आणि 'बुलबुल-ए-परिस्तान' दिग्दर्शित केला. परीकथा, कॅमेऱ्याच्या करामतींनी भरलेली. भारतातली पहिली स्त्री दिग्दर्शक ती. तोही चित्रपट आता उरलेला नाही, आणि सुरतेत किती जणांना तिचं नाव ठाऊक असेल, शंकाच आहे.

आता सातवीच्या मुलींचं नाटक आहे. सूत्रसंचालकांना एक विनंती: कलाकारांची नावं वाचताना नाटक बसवणाऱ्या मुलीचंही नाव वाचा, आणि सगळ्यात आधी वाचा. चला, पडदा उघडू द्या.