संगणकाची स्मरणशक्ती वाढविताना

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



संगणकाने जग कसे बदलले यावर आपण पुष्कळ भाषणे ऐकली आहेत. मी आज मुद्दाम लहान विषय घेतला आहे. वीतभरही लांब नसलेल्या एका पट्टीविषयी मी बोलणार आहे. तिला रॅम म्हणतात.

या पट्टीपायी माझ्या हातून एक चूक घडली, ती आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी संस्थेच्या संगणक कक्षासाठी एका देणगीदाराने रक्कम दिली. दहा संगणक फार मंद चालत होते. मी शहरात गेलो, दहा पट्ट्या विकत घेतल्या आणि मोठ्या उत्साहाने परत आलो. पाकिटे फोडली, तर एकही पट्टी खाचेत बसेना! आमचे संगणक डी.डी.आर. ३ जातीचे आणि मी आणलेला माल डी.डी.आर. ४ चा. फोडलेला माल दुकानदाराने परत घेतला नाही. पैसा माझा असता तर मी गप्प बसलो असतो. परंतु ती कौमची अमानत होती. कार्यकारिणीपुढे कबुली दिली आणि ती रक्कम हप्त्याहप्त्याने भरली. मी जे पैसे देऊन शिकलो, ते आपण फुकट शिकावे एवढाच आजचा हेतू आहे.

शिंप्याचे दुकान डोळ्यांसमोर आणा. कापडाचे तागे कपाटात असतात. काम मात्र मेजावर होते. हार्ड डिस्क म्हणजे कपाट आणि रॅम म्हणजे मेज. मेज अपुरे असेल तर एक कापड उचलून दुसरे पसरण्यातच दिवस जातो. वीज गेली की मेजावरचे सर्व नाहीसे होते. म्हणून काम वेळोवेळी साठवून ठेवावे लागते. आजच्या रॅमचे मूळ तत्त्व रॉबर्ट डेनार्ड यांचे. त्यांना १९६८ साली त्याचे पेटंट मिळाले. १९७० साली इंटेल कंपनीने बाजारात आणलेल्या चिपमध्ये अवघे १,०२४ बिट मावत. आजच्या ८ जीबीच्या एका पट्टीत त्याच्या सहा कोटी सत्तर लाखांहून अधिक पट मावते.

आता खरेदीकडे वळू. पहिला प्रश्न, रॅम खरोखर कमी पडते काय? नेहमीची सर्व कामे एकदम उघडा आणि कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. तेथे मेमरीचा आकडा सतत नव्वद टक्क्यांच्या आसपास असेल तर रॅम वाढवावी. मेमरी मोकळी असूनही डिस्क शंभर टक्के दाखवीत असेल, तर रोग निराळा आहे. तेथे जुनी हार्ड डिस्क काढून एस.एस.डी. बसविल्यानेच गुण येईल.

दुसरा प्रश्न, पट्टी कोणत्या जातीची? डी.डी.आर. ३ ला २४० पिना असतात. ४ आणि ५ ला प्रत्येकी २८८. पण खाचेची जागा तिन्हींत वेगळी असते, म्हणून एकीच्या जागी दुसरी बसत नाही. जोर लावू नये. लॅपटॉपची पट्टी आखूड असते, तीही डेस्कटॉपला चालत नाही. स्वस्त मिळते म्हणून सर्व्हरची ‘रजिस्टर्ड’ पट्टी घेऊ नका. साध्या मदरबोर्डवर ती चालत नाही. मदरबोर्डचा क्रमांक लिहून घ्या. किती स्लॉट आहेत आणि जास्तीत जास्त किती जीबी पेलते, हे त्याच्या माहितीपुस्तिकेत असते. उदाहरणार्थ, इंटेलच्या एच ६१ जातीचे बोर्ड १६ जीबीच्या पुढे जात नाहीत.

तिसरा प्रश्न, किती घ्यावी? पत्रलेखन, फॉर्म भरणे, हिशेब आणि ऑनलाइन वर्ग यांना ८ जीबी पुरते. प्रोग्रामिंग, चित्रफितींचे संपादन किंवा अभियांत्रिकी आराखडे करणाऱ्याने १६ चा विचार करावा. ३२ बिटचे विंडोज असेल तर ४ जीबीच्या पुढची रॅम वाया जाते. शक्यतो सारख्या दोन पट्ट्या घ्याव्यात. दोन्ही मार्गांनी काम होऊन वेग वाढतो. वेगवेगळ्या वेगाच्या पट्ट्या चालल्याच, तर मंद पट्टीच्या चालीने चालतात.

बसविताना संगणक बंद करून वायर काढावी, पेटीच्या धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज घालवावी, पट्टी कडांनी धरावी आणि ‘खट्’ आवाज येईपर्यंत सरळ दाबावी.

दोन इशारे देतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-सेवा थांबविली. अनेक जुने संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत आणि रॅम वाढवून ती अडचण दूर होत नाही. अशा वेळी मोफत मिळणाऱ्या लिनक्सचा विचार करावा. दुसरे असे की, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अवाढव्य संगणक केंद्रांच्या मागणीमुळे २०२५ च्या अखेरीस रॅमच्या किमती झपाट्याने चढल्या. म्हणून जुना भाव मनात धरून दुकानात जाऊ नका. दोन-तीन ठिकाणी विचारा आणि बदलून देण्याची हमी पावतीवर लिहून घ्या.

शेवटी एक प्रसंग. रिक्षा चालविणारे एक पालक माझ्याकडे आले. मुलगी बी.कॉम.ला. घरचा संगणक अडखळतो, नवा घ्यावा तर तिच्या क्लासची फी मोडावी लागेल, असे म्हणाले. आम्ही पेटी उघडली. ४ जीबीची एकच पट्टी होती आणि शेजारचा स्लॉट रिकामा! मुलीने स्वतः क्रमांक उतरवून घेतला, वडिलांसोबत जाऊन तशीच दुसरी पट्टी आणली आणि आपल्या हातांनी बसविली. क्लास सुटला नाही. आज शेजारच्या मुली संगणक अडला की तिलाच बोलावतात.

पालकहो, नवी वस्तू घेणे वाईट नाही. पण न पाहता घेणे हा इस्राफ आहे. घाम गाळून मिळविलेला आपला पैसा आधी मुलांच्या, विशेषतः मुलींच्या, शिक्षणाला लागू द्या. आणि विद्यार्थी मित्रांनो, वडिलांकडे नवा संगणक मागण्यापूर्वी जुन्याची पेटी एकदा उघडून पाहा. कदाचित एक स्लॉट रिकामा असेल.

खुदा हाफिज.