पुठ्ठ्याची गाडी आणि गटाची गिरणी

 

आज बचत, कर्ज, हप्ता यातलं काही सांगणार नाही. आज आपण एक खेळणं करायचं आहे. पुठ्ठ्याची, सेलवर पळणारी गाडी. तुम्ही म्हणाल, हा काय पोरखेळ काढला? पण ऐका तर खरं. शेवटी आपण गटाच्या गिरणीपर्यंत पोचणार आहोत.

शंकरपट तुम्हाला ठाऊक आहे. सरळ पट्टी, उभ्या जागेवरून जोडी सुटते आणि किती सेकंदांत पोचली ते घड्याळ सांगतं. मोटारींचीही अशीच शर्यत असते. तिला ड्रॅग रेस म्हणतात. जुनं माप पाव मैलाचं, म्हणजे 402 मीटर. आपल्याकडे लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशी शर्यत झालेली आहे. वळण घ्यायचं नाही, फक्त लवकर सुटायचं आणि सरळ पळायचं. आपली शर्यत 5 मीटरची. शाळेचा व्हरांडा किंवा मंदिराचा सभामंडप पुरतो.

सामान काय लागेल? मोडक्या खेळण्यातली एक लहान मोटार. पेन्सिल सेल दोन, वायर, रबरबँड. जाड पुठ्ठा, बरणीची दोन झाकणं, बाटलीची दोन बुचं. सायकलचे दोन आरे आणि ते आत सैल फिरतील अशी नळी. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा. घरात नसेल ते भंगारवाल्याकडे मिळतं.

आता गाडी जोडू. पुठ्ठा साधारण 30 सेंटिमीटर लांब, म्हणजे शाळेच्या मोठ्या पट्टीएवढा, आणि 8 सेंटिमीटर रुंद घ्या. पुठ्ठ्याखाली पुढे आणि मागे नळीचे तुकडे चिकटवा, त्यातून आरे ओवा. मागे बरणीची झाकणं, पुढे बुचं. एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. चाक आऱ्यावर घट्ट हवं, आणि आरा नळीत मोकळा हवा. मागच्या झाकणांवर ट्यूबची कडी कापून चढवा, म्हणजे जमिनीवर पकड येते. मागच्या आऱ्यावर पुठ्ठ्याची कप्पी बसवा. तीन चकत्या एकमेकींना चिकटवायच्या, मधली थोडी लहान, म्हणजे रबरबँडला खाच मिळते. मोटारीची दांडी आणि ही कप्पी रबरबँडनं जोडा. दोन सेल एकापुढे एक लावले की 3 व्होल्ट होतात, तेवढे बास. गाडी उलटी पळाली तर मोटारीच्या दोन वायरी अदलाबदल करा.

आता कुणी विचारेल, रबरबँड आणि कप्पी कशाला, चाक थेट मोटारीलाच लावू की. याचं उत्तर तुमच्या शिलाई मशीनमध्ये आहे. पायाच्या मशीनला खाली मोठं चाक, वर लहान चाक, मध्ये वादी. मोठं चाक एकदा फिरतं तेवढ्यात लहान चाक कितीतरी वेळा फिरतं. तिथं आपल्याला वेग हवा असतो. गाडीत उलटं आहे. लहानशी मोटार भराभर फिरते, पण तिच्यात जोर कमी. तिची दांडी 2 मिलिमीटरची आणि कप्पीची खाच 20 मिलिमीटरची असेल, तर मोटार 10 फेऱ्या मारेल तेव्हा चाक 1 फेरी मारेल. वेग कमी झाला, जोर वाढला. ज्या बाईनं मशीनची वादी बदलली आहे, तिला हे समजायला इंजिनिअर व्हावं लागत नाही.

गाडी पहिल्याच दिवशी नीट पळत नाही. आमच्या मुलींची पहिली गाडी तर भिंतीकडेच जायची. खरा खेळ तिथूनच सुरू होतो. गाडी वाकडी जात असेल तर दोन्ही आऱ्यांमधलं अंतर डाव्या आणि उजव्या बाजूला मोजा, ते सारखं पाहिजे. तरीही वळत असेल तर जमिनीलगत नायलॉनचा दोरा ताणून बांधा, आणि गाडीखाली तारेच्या दोन कड्या लावून त्यातून दोरा ओवा. चाक जागच्या जागी फिरत असेल तर सेल मागच्या चाकांवर सरकवा, पकड वाढेल. सुटताना नाक वर उचललं तर थोडे पुढे घ्या. रबरबँड सैल असेल तर घसरतो, फार ताणला तर मोटारच अडते. सुटायलाच जड जात असेल तर कप्पी मोठी करा. झटक्यात सुटून पुढे रेंगाळत असेल तर थोडी लहान करा. आरा कुरकुरत असेल तर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब नळीत सोडा, पण ते रबरबँडला आणि चाकाच्या रबराला लागू देऊ नका.

या सगळ्यात नियम एकच. एका वेळी एकच बदल. मोबाईलवर वेळ लावा, गाडी तीनदा पळवा, तिन्ही वेळा वहीत लिहा. मगच पुढचा बदल. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाचा आला ते कळत नाही. आपण गटाच्या वहीत एक रुपया इकडचा तिकडे होऊ देत नाही, तसंच हे.

पुण्याच्या आयुकामध्ये अरविंद गुप्ता यांनी अनेक वर्षं टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी केली. ते आयआयटी कानपूरला शिकलेले. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची पुस्तकं आणि व्हिडिओ इंटरनेटवर फुकट आहेत, मराठीतही. मुलांना जरूर दाखवा.

आता गिरणीकडे येऊ. गटानं कर्ज काढून गिरणी घेतली, शेवयांची मशीन घेतली. मशीन बंद पडली की मेकॅनिकची वाट पाहायची. तो येतो चार दिवसांनी, पण हप्ता थांबत नाही. पट्टा सैल झाला की घसरतो, जळका वास येतो, दळण कमी पडतं. फार ताणला की बेअरिंग तापतं. दोन्ही कप्प्या एका रेषेत नसल्या की पट्टा एका कडेनं झिजतो. गाडीच्या रबरबँडनं हेच तर शिकवलं! मेकॅनिक आला तरी मग आपण नुसतं "बिघडली" म्हणत नाही. "पट्टा घसरतोय, कप्पी सरकलीय" असं सांगतो. काम लवकर होतं, आणि नको तो खर्च कुणी आपल्या माथी मारत नाही.

एक मात्र सांगते. गाडी 3 व्होल्टची आहे, गिरणी घरच्या विजेवर चालते. तिला हात लावण्याआधी बटण बंद आणि प्लग बाहेर. पदर खोचलेला, ओढणी काढलेली, वेणी बांधलेली. वायरिंगचं काम वायरमननंच करायचं.

वाळूजला बजाजचा कारखाना 1985 साली सुरू झाला, शेंद्र्याला स्कोडाच्या गाड्या जुळतात. इतक्या जवळ गाड्या बनतात, आणि घरात पाना, पेचकस अजून मुलाच्याच हातात देतो आपण. मुलगी उचलायला गेली तर म्हणतो, "ठेव, लागेल तुला." आयटीआयमध्ये फिटर, इलेक्ट्रिशियन हे ट्रेड मुलींनाही खुले आहेत. पण पंधराव्या-सोळाव्या वर्षी तो फॉर्म भरायचं धाडस यायला दहाव्या वर्षी हातात पेचकस आलेला असावा लागतो.

तेव्हा पुढच्या बैठकीला प्रत्येक गटानं एक गाडी करून आणा. मोटार लेकीनं जोडायची, वेळ आईनं लिहायची. पाच मीटरची रेघ मी आखून ठेवते.